एकेचाळीस आणि फटफटी

माण तालुक्यातल्या त्या वाडीत आजवर कधी चोरी झाली नाही. गावावर देवाचा पहारा आहे, असं लोक अभिमानानं सांगत. चोरून न्यावं असं वाडीत काहीच नव्हतं, हेही त्याचं एक कारण होतं. मेंढरं होती, पण ती ओरडतात.

पासष्ट सालच्या वैशाखात ही अडचण दूर झाली.

"तर ही सांभाळा, दादा," खांद्याला पिशवी अडकवत जोतीराम म्हणाला. तो लष्करात ड्रायव्हर होता. लिलावातली जुनी हिरवी फटफटी त्यानं पुण्याहून चालवत आणली होती, आणि पाचव्या दिवशी सरहद्दीवरच्या गडबडीमुळं रजा रद्द झाल्याचा निरोप आला होता.

"आन् चारा काय घालू रं हिला?" थोरला भाऊ हरिबा म्हणाला. हसायचा बेत होता, पण दोघांनाही जमलं नाही.

"काय बी नगं. नुसती कुनाला नेऊ दिऊ नका."

"आन् तू कवा येनार?"

"ही हितं हाय म्हंजी म्या येनारच की. एवढी लांबनं आनली ती काय तुमी मेंढरामागं फिरवायला?"

एसटी गेली. हरिबानं ते वाक्य जसंच्या तसं धरून ठेवलं. फटफटी घरात आहे, म्हणजे जोतीराम येणार. उलट बाजूनं ते वाचायची त्याला हिंमत नव्हती. पण दिवसातून चार-पाच वेळा ते आपोआप वाचलं जाई.

राखण करणं हा त्याचा पिढीजात धंदा. जे मेंढराला, तेच फटफटीला. त्यानं ती माजघरात घेतली. चाकातून साखळी ओवून घराच्या मेढीला, मधल्या खांबाला, बांधली. हँडलला एडक्याच्या गळ्यातली घाट अडकवली, म्हणजे कुणी हलवली तर वाजेल. मेंढराच्या कानाला कापून खूण करतात. फटफटीला कान नाहीत, म्हणून लोकरीच्या कातरीनं सीटच्या कोपऱ्याचा एक तुकडा उडवला. आणि रोज दिवेलागणीला वाडग्याच्या कुंपणात शिरणारी मेंढरं मोजताना शेवटी तो घराकडं बघून म्हणे, "एकेचाळीस, आन् फटफटी."

"ती कुटं चरायला गेलती?" बायको धोंडुबाई विचारी.

"तू भाकरी कर."

श्रावणात म्हसवडच्या बाजारातून बातमी आली. कुठल्याशा साहेबाच्या दारात खाकी कपड्यातला एक माणूस आला. साहेबाचं नाव बरोबर घेतलं, एक कागद दाखवला आणि मोटरसायकल ढकलत घेऊन गेला. बातमी खरी होती की नाही, ते कुणी पाहिलं नाही. हरिबाला पाहायची गरज वाटली नाही. फटफटी जोतीरामच्या नावावर. म्हणजे चोर येणार तो जोतीरामचंच नाव घेत येणार.

त्यानं घरोघरी जाऊन बजावलं, "परका मानूस जोतीरामला इचारत आला, तर असा कुनी हितं न्हाई म्हनायचं."

वाडीनं शब्द दिला. वाडीला दुसरं देण्यासारखं काही नव्हतं.

भाद्रपद सरता सरता, भर दुपारी, खाकी कपड्यातला एक माणूस सायकल ढकलत वर आला. घामेजलेला होता आणि कंटाळलेला होता.

"जोतीराम मिल्ट्रीवाल्याचं घर हेच का?"

हरिबा उंबऱ्यावर सूत कातत होता. हातातली चाती थांबली. "न्हाई."

"खाली बी समदी न्हाईच म्हनत्यात. कागदावर तर हीच वाडी हाय."

कागद. साहेबाच्या दारातल्या चोराकडंही कागदच होता. पाठीमागं माजघरात घाट एकदाच वाजली, मांजर असावं.

"कसला कागूद?"

"तार हाय. दवाखान्यातनं."

हरिबा त्या माणसाकडं बघत राहिला. तो चोर असेल, तर फटफटी जाईल. तो चोर नसेल, तर... हरिबानं इतकी वर्षं लांडग्यांशी झोंबून मेंढरं राखली होती, पण त्या घटकेला त्याला मनापासून वाटलं, की हा माणूस चोरच असावा.

"आवं, घ्या की त्यो कागूद," धोंडुबाई दाराआडून म्हणाली.

"चोर हाय त्यो," हरिबा हळूच म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "असा कुनी हितं न्हाई."

"परत जाईल मग ही."

"जाऊंद्या."

खाकी माणसाला अजून तीन गावं करायची होती. त्यानं सायकल वळवली. हरिबानं माजघरात जाऊन साखळीला आणखी एक वेढा दिला. त्या दिवसापासून एसटीचा आवाज आला, की तो मेंढरं सोडून घराकडं पळे, आणि फटफटी जागेवर बघून तिथंच खाली बसे.

पौषात, उन्हं उतरताना, एसटीतून जोतीराम उतरला. कंडक्टरनं आधी कुबड्या खाली दिल्या, मग त्याला. विजारीचा उजवा पाय गुडघ्यापाशी दुमडून पिनेनं टाचला होता.

"तार केलती, दादा. लय वाट बघितली," तो म्हणाला. "कुनीच आलं न्हाई, तवा म्या बी पत्र टाकलं न्हाई."

हरिबानं भावाला दंडाला धरून माजघरात नेलं, मेढीची साखळी सोडली, घाट काढली. फटफटी एरंडाच्या तेलानं पुसून चकचकीत होती. जोतीरामनं सीटवर हात फिरवला. तो कोपऱ्यापाशी थांबला.

"हे काय?"

"खूण," हरिबा म्हणाला. "आपल्या कळपाची."

बाहेर मेंढरं वाडग्यात शिरत होती. आज त्यांना कुणी मोजलं नाही.

फटफटी चोरीला गेली नाही. तिची किक उजव्या पायानं मारायची असते.