बर्फाआधीचे रविवार

डिसेंबर लागला आणि मोनिकाचा पाय एका जागी ठरेना. गारखेड्यातल्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. पेशंटला "सावकाश, घाई करायची नाय" असं बजावायची आणि पेशंट गुडघा वाकवून सरळ करेपर्यंत स्वतः खिशातला फोन काढून बघायची. दूर उत्तरेच्या पहाडात, औलीला, नेगी नावाचा एक माणूस बर्फावर स्की शिकवायचा. तो तिथल्या उताराचे व्हिडिओ पाठवायचा. रोज तेच पिवळं गवत, तोच उघडाबोडका डोंगर. "अभी नहीं गिरी, मैडमजी," एवढाच त्याचा निरोप.

औलीचं वेड तिला एका पेशंटमुळं लागलं. त्या बाईंनी आपल्या मुलीचा व्हिडिओ दाखवला होता. पोरगी डोंगरावरून स्कीवर सरसर घसरत आली आणि थांबताना पायाशी बर्फाचा फवारा उडाला. मोनिकानं तो व्हिडिओ इतक्यांदा मागून पाहिला, की शेवटी बाईंनी तो तिला पाठवूनच दिला. मोनिका म्हणजे पडेगावच्या शेतकऱ्याची पोरगी. तिनं बर्फ बघितला होता तो रसवंतीवरचा. पण त्या दिवसापासून तिच्या पायांना मुंग्या आल्या त्या आल्याच.

ही गोष्ट तिनं सगळ्यात आधी आमरीनला सांगितली, कारण ती सगळंच सगळ्यात आधी आमरीनला सांगायची. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. आमरीन आता शहागंजजवळच्या एका शाळेत शिकवत होती. दोघींनी मिळून औलीला जायचं ठरवलं; पण पहिल्या वर्षी आमरीनची परीक्षा आडवी आली, दुसऱ्या वर्षी मोनिकाच्या वडिलांचं ऑपरेशन. यंदा मात्र मोनिकानं कंबर कसली होती. वाळूजला कंपनीत असलेला तिचा मावसभाऊ सत्यम यायला तयार झाला, म्हणून घरच्यांनीही मान डोलावली. विमान नको, रेल्वेचा साधा डबा. हॉटेल नको, नेगीच्या चुलत्याच्या घरची खोली. बूट आणि स्की तिकडंच भाड्यानं. गरम कपडे तिबेटी लोकांच्या स्वेटर बाजारातून, तेही घासाघीस करून. सत्यम त्याला 'पिठलं-भाकरी स्कीइंग' म्हणायचा.

दर रविवारी सकाळी तिघं दौलताबादच्या किल्ल्यावर चढायचे. मांड्यांत ताकद पाहिजे, असं नेगीनं सांगितलं होतं. त्या दिवशीही मोनिका सगळ्यांच्या पुढं होती. वळणावर थांबायची, खाली बघायची, पुन्हा निघायची. सत्यम धापा टाकत होता. आमरीन भिंतीच्या बाजूनं, हात दगडांवर ठेवत, मागून येत होती.

"अगं, चल की लवकर! अशानं तिथं काय करशील?"

"येते ना बाबा. किल्ला काय पळून चाललाय का?"

वर बारादरीपाशी तिघं टेकले. सत्यमनं शेंगा काढल्या. मोनिका मात्र बसली नाही. कठड्याशी येरझारा घालत राहिली.

"आता तिकिटं काढायलाच पायजेत," ती म्हणाली. "आमरीन, अब्बांना विचारलंस का?"

"विचारते."

"दिवाळीपासून विचारते विचारतेच चाललंय तुझं."

"त्यांचा मूड बघून विचारावं लागतं. दुकानात सध्या लई गर्दी आहे, थंडीचे दिवस." आमरीन शेंगा सोलत होती, पण खात नव्हती. सोललेले दाणे तिनं सत्यमच्या हातावर ठेवले.

पुढचं बोलायची मोनिकाची हिंमत नव्हती. आमरीनचं लग्न ठरलं होतं. मुलगा शारजाला नोकरीला होता. रमजान ईद झाली की निकाह, आणि मग ती तिकडंच. म्हणजे हा हिवाळा गेला की पुढचा नव्हता. हे तिघांनाही माहीत होतं आणि तिघांपैकी कोणीच ते बोलत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मोनिकानं तव्यावरच्या फुटाण्यासारखे काढले. जेवताना ताटावरून उठून रेल्वेच्या जागा बघायची. जागा घटत चालल्या होत्या. आई, द्वारकाबाई, म्हणाली, "माय, तुझ्या अंगात वारं शिरलंय का? एक घास तरी बसून खा." नेगीचा नवा व्हिडिओ आला, गवतावर नुसतं दव पडलेलं. बर्फ नाही, जागा उरत नाहीत आणि आमरीनचं उत्तर नाही. बर्फापुढं तिचा इलाज नव्हता. पण आमरीनच्या अब्बांना, कमरोद्दीनचाचांना, विचारायला काय हरकत होती? लहानपणापासून त्यांच्या घरी तिचा पाय मोकळा होता. ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी ते तिलाच द्यायचे.

आमरीनला न सांगता ती दुपारच्या सुट्टीत दुकानावर गेली.

कमरोद्दीनचाचांचं रजया-गाद्यांचं दुकान. कापसाचे तंतू हवेत तरंगत होते. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ये ये, बेटा. आज वाट चुकलीस का?"

"चाचा, एक विनंती होती." तिनं बसण्याआधीच सुरुवात केली. सत्यम बरोबर आहे, राहायचं घर कुटुंबवाल्याचं आहे, नेगीची बायकोही शिकवते, रोज संध्याकाळी फोन करू, आठवड्यात परत येऊ. एका दमात सगळं ओतलं. "तिला पाठवा, चाचा. नंतर ती कुठं आमच्या हाताला लागणार आहे?"

चाचा तिच्याकडं बघतच राहिले.

"पण मी तर तिला दिवाळीलाच हो म्हटलं की. म्हटलं, जा, फिरून ये, नंतर संसारात कुठं सापडतं. तिनंच परवा सांगितलं, की तुमचा बेत रद्द झाला. बर्फच पडला नाय म्हणून."

मोनिका दाराकडं वळली. चाचांनीच विषय बदलला. "रजई न्यायची का एखादी? तिकडं लागेल."

"नको, चाचा," म्हणून ती बाहेर पडली. स्कूटी सुरू करून ती सरळ आमरीनच्या शाळेकडं निघाली.

शाळा सुटेपर्यंत ती फाटकासमोर उभी राहिली. आमरीन पोरींच्या घोळक्यातून बाहेर आली, मोनिकाला बघून हसली आणि तिचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं.

"बस मागं," मोनिका म्हणाली.

हिमायतबागेत जाईपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. आत चिंचेखालच्या बाकावर आमरीन बसली. मोनिका उभीच.

"मी चाचांकडं गेले होते."

आमरीननं डोळे मिटले. "या अल्ला."

"दिवाळीपासून माझ्या तोंडाला पानं पुसलीस! मी इकडं वेड्यासारखी तिकिटं बघतेय, सुट्ट्या मागतेय, दवाखान्यात हेड मॅडमच्या शिव्या खातेय. यायचं नव्हतं तर नाय म्हणायचं! तुला काय मी बांधून नेणार होते?"

"तू ऐकलं असतंस?"

"का नाय ऐकलं असतं?"

"मोना, मला उंचावर गरगरतं." आमरीन खालीच बघत होती. "आजचं नाय, पहिल्यापासून. किल्ल्यावर मी भिंत धरून चढते, ते तुला कधी दिसलं नाय? तू पेशंटची चाल दारातून बघून सांगतेस कुठला गुडघा दुखतो. दर रविवारी मी तुझ्या मागं होते. एकदा वळून तू मला 'लवकर चल' म्हणालीस, बस."

मोनिका चिंचेच्या खोडाला टेकली. आमरीन पुढं बोलतच राहिली.

"आणि थंडी मला सोसत नाय. बर्फ तर मला बघायचाच नव्हता कधी."

"मग ही दोन वर्षं? एवढं सगळं आपण ठरवत बसलो ते?"

"तेच तर आवडायचं मला." आमरीननं पहिल्यांदाच मान वर केली. "तू यायचीस. कुठल्या गावाला उतरायचं, काय खायचं, कुणाकडून काय मागून आणायचं. सत्यमचे फालतू जोक. तू इतकी खूश असायचीस. मला वाटायचं, हे असंच चालू राहावं. दर वर्षी काहीतरी आडवं यावं आणि पुढच्या वर्षी आपण पुन्हा ठरवत बसावं. यंदा काहीच आडवं आलं नाय, तेव्हा मी घाबरले."

मोनिका रागानं इतकी तापली होती, की शेजारी बसली तर भाजेल असं तिला वाटलं.

"रिक्षानं जा," एवढंच म्हणून ती निघाली.

दोघींच्या आयुष्यात एवढा अबोला कधी झाला नव्हता. मोनिकानं ठरवलं, औलीही नको आणि काही नको. सत्यमला तसं सांगितलं. सत्यमनं ऐकून घेतलं आणि मग नेहमीच्या थट्टेच्या सुरात नाही, तर सरळ विचारलं, "तुला बर्फावर जायचं होतं, का तिला घेऊन जायचं होतं?"

"दोन्ही."

"एक हातातून गेलं. दुसरं पण फेकून देतेस का? बघ बुवा. मी कंपनीत रजा टाकून बसलोय."

त्या रात्री तिनं दोनच तिकिटं काढली. तरीही चैन पडेना. दोनदा आमरीनच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन ती परत आली. एकदा निरोप लिहिला आणि खोडून टाकला. जानेवारी संपता संपता नेगीचा व्हिडिओ आला. डोंगर पार ओळखू येत नव्हता. घरांची छपरं, देवदार, कुंपणं, सगळं पांढरंफटक. "आ जाओ मैडमजी!" तो ओरडत होता. मोनिका दवाखान्याच्या जिन्यात उडी मारून किंचाळली. तिनं तो व्हिडिओ आमरीनला पाठवला. पाठवून झाल्यावर तिला आठवलं, की आपण बोलत नाही.

उत्तर लगेच आलं. "पाय मोडून घेऊ नकोस. माझ्या लग्नात नाचायचंय तुला."

मोनिका जिन्यातच बसली आणि रडली. येणाऱ्याजाणाऱ्या पेशंटांना वाटलं, बाईंच्या घरी काहीतरी झालं असावं.

औलीला पोचल्यावर पहिल्या दिवशी ती एवढी पडली, की नेगीच्या बायकोनं मोजणं सोडून दिलं. व्हिडिओतल्या पोरीसारखं काही झालं नाही. बूट शिशासारखे जड, पाय दोन दिशांना पळायचे, आणि थांबायचं कसं ते समजेपर्यंत माणूस तोंडावर आपटलेला असायचा. सत्यम, ज्याला किल्ला चढवत नव्हता, तो तिसऱ्या दिवशी बदकासारखा का होईना, पण उभ्यानं खाली येऊ लागला. मोनिकाला त्याचा संताप आला. जेवताना तिचं लक्ष उताराकडं, उतारावर असताना लक्ष त्याच्या पुढच्या मोठ्या उताराकडं.

"मैडमजी, आप बहुत जल्दी में हो," नेगी म्हणाला. "पहाड़ कहीं नहीं जा रहा."

ती चमकली. हे तिनं किल्ल्यावर, जवळजवळ याच शब्दांत ऐकलं होतं.

शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी, लहान उतारावर, ती एकदाची न पडता खालपर्यंत आली. लांब नव्हतंच ते. आपल्याकडच्या एखाद्या टेकाडाची घसरण. पण कानांत वारा घोंगावला, खाली पोचताना तिनं टाचा बाहेर ढकलल्या, आणि स्की थांबल्या. खरोखर थांबल्या. तिनं आजूबाजूला पाहिलं. सत्यम वर होता, पाठ करून नेगीशी काहीतरी बोलत. कोणीच पाहिलं नव्हतं.

आणि त्या क्षणी, ज्याच्यासाठी इतका जीव आटवला ते हाती आल्यावर, तिला दुसरं काही सुचलं नाही. तिनं दातांनी हातमोजा ओढला आणि फोन लावला.

"आमरीन, मी आले! न पडता!"

"सच्ची? थांब थांब, घरात लई गोंधळ आहे, शिंपी आलाय. गच्चीवर जाते." पायऱ्यांचा आवाज, दाराची कडी. "हां. आता सांग. पहिल्यापासून सांग. उभी कुठं होतीस?"

मोनिका बर्फात बसली आणि सांगू लागली. वरून खालचं काय दिसत होतं, डावा पाय कसा ऐकेना. सांगताना तिला जाणवलं, की घसरण संपली होती क्षणात, पण सांगणं संपत नव्हतं. आमरीन मध्येमध्ये "मग?" म्हणत होती.

"आमरीन," ती मध्येच थांबली. "मी मागं वळून तुला नीट बघितलंच नाय कधी."



"बघितलंस ना आता," आमरीन म्हणाली. "इतक्या लांबून." मग लगेच, "ऐक, तुझ्याकडं पासपोर्ट आहे का?"

"नाय. कशाला?"

"मग काय मी शारजाहून एकटीनं फोनवरच बोलत बसू का तुझ्याशी? तिकडं समुद्र आहे. उंची नाय, थंडी नाय."

"पासपोर्टला काय लागतं?"

"आधार, आणि... थांब, बघते. विमान कुठून स्वस्त पडेल? मुंबईहून का हैदराबादहून?"

"हैदराबादला रात्रीच्या गाडीनं जाता येतं," मोनिका म्हणाली. "सत्यमला पण विचारावं लागेल."

वरून नेगी हाका मारत होता, ऊन उतरायच्या आत अजून एक फेरी होईल म्हणून. मोनिकानं हात उंचावून त्याला थांबायची खूण केली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.