एलिसेओ मास्तरांचं ठिगळ

आमच्या हँगरमध्ये एक कायदा होता, कुठेही न लिहिलेला: एलिसेओ मास्तरांच्या ठिगळावर शंका घ्यायची नाही. विमानाचं पोट कुठे खरवडलं, की वरून नवा पत्रा रिव्हेटांनी ठोकून बसवतात, त्याला आम्ही ठिगळ म्हणतो. मास्तरांची रिव्हेटं इतकी सरळ रेषेत, की परदेशातून आलेले साहेबलोकही नुसता हात फिरवून मान डोलवायचे. काही वर्षांनी तेच विमान पुन्हा तपासणीला आलं, की तपासनीस लांबूनच म्हणायचे, "मास्तरांचा हात आहे, चला पुढे," आणि खडूने बरोबरची खूण मारून मोकळे व्हायचे.

मी इदालिया, तिथे खुर्च्यांची कव्हरं शिवते. तोंडाने फटकळ आहे, ते अख्ख्या कोमालापा विमानतळाला ठाऊक आहे. मास्तर माझ्या सियोमाराचे पाद्रीनो, म्हणजे बाप्तिस्म्याला तिला हातावर घेऊन उभे राहिलेले धर्मपिता. त्या नात्याने ते मला कोमाद्रे म्हणतात आणि मी त्यांना कोम्पाद्रे. तिचा बाप उत्तरेला अमेरिकेत गेला तो गेलाच. मला इथे चिकटवलं मास्तरांनी, पोरीला पत्र्याचं काम शिकवलं मास्तरांनी, आणि ती तपासनीस झाली तेव्हा माझ्याआधी रडले तेही मास्तरच.

आणि शनिवारी मास्तरांचा निवृत्तीचा निरोपसमारंभ असताना, गुरुवारी या बयेने त्यांच्याच ठिगळाभोवती लाल खडूने गोल काढला!

मला विमानात बसून शिवताना कळलं. सुई तशीच टोचून ठेवली आणि शिडी उतरले. खाली शेपटाजवळ ही उभी, आणि समोर इंजिनिअर बारिएन्तोस घाम पुसतोय. विमान दुसऱ्या दिवशी मालकांच्या ताब्यात द्यायचं होतं.

"काळा डाग आहे, मळ असेल," तो म्हणत होता. "फडक्याने पूस आणि रंग मार."

"पुसला, इंजिनिअर. खाली धातू घासून घासून काळी भुकटी निघतेय. रिव्हेटं हलतायत. ठिगळ उघडायला लागेल."

"मास्तरांचं ठिगळ?"

"कोणाचंही असो."

माझं डोकंच फिरलं. "अगं ए शहाणे! ज्यांच्या हाताला धरून चालायला शिकलीस त्यांच्याच पायात पाय घालतेस? दोन दिवस थांबली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"आई, दोन दिवसांत ते विमान आभाळातच असणार."

मी वाकून तो काळा डाग बघितला.

तेवढ्यात मास्तर आले. कोणीतरी कॅन्टीनमध्ये जाऊन चुगली केली असणार, कारण हातात अर्धा पुपुसा, मक्याची सारण भरलेली भाकरी, तसाच होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला, चष्मा लावला आणि विमानाच्या पोटाखाली शिरले. बराच वेळ बाहेरच येईनात.

"ड्रिल आणा," आतून आवाज आला.

रिव्हेटं त्यांनीच काढली, एकेक करून. पत्रा सुटला. खाली हातभर लांब ओरखडा, नुसता घासून गुळगुळीत केलेला. खराब भाग कापून काढायचा असतो आणि मगच वर ठिगळ. तो कापलेलाच नव्हता. सियोमाराने भेग शोधायच्या यंत्राची कांडी ओरखड्याच्या टोकापासून पुढे फिरवली. पडद्यावरची रेघ टुणकन उडाली. पत्रा चिरत चालला होता.

बारिएन्तोस मास्तरांच्या कानाशी लागला. "मास्तर, हे आपल्यातच ठेवू. शनिवारी मोठे साहेब येणार आहेत, तुमचं नाव..."

"कुजबुजतोस काय रे?" मास्तर एवढ्या मोठ्याने ओरडले, की पलीकडच्या विमानावरचे लोक खाली वाकून बघू लागले. "ऐका सगळे! ही खोट माझी आहे. कापायला हवं होतं, मी झाकलं. तेव्हा विमान लवकर हवं होतं, आणि माझ्या हाताचा मला फार माज होता. तुम्ही सगळ्यांनी मिळून तो चढवलात, ते वेगळं!"

इतक्या वर्षांचं नाव, आणि स्वतःच्याच तोंडाने घालवलं माणसाने.

"आता दुरुस्त कोण करणार?" बारिएन्तोसने विचारलं.

"मीच. आणि तपासणार ही."

"दुसरा तपासनीस देतो ना. ही तुमची धर्मकन्या, तिलाही अवघड..."

"हीच," मास्तर म्हणाले. "बाकीचे लांबून बघतात."

विमान थांबलं. मालकांनी आरडाओरडा केला आणि वरच्या साहेबांनी शनिवारचा समारंभ रद्द केला. मास्तरांनी खराब पत्रा कापला, नवा बसवला. सियोमारा आली, गुडघ्यावर बसली, प्रत्येक रिव्हेट बोटाने चाचपलं आणि एकाभोवती लाल गोल काढला. अख्खा हँगर बघत होता. मास्तरांनी ते काढलं आणि पुन्हा ठोकलं. मग तिने हिरवी खूण केली.

शनिवारी आम्हीच फाटकाबाहेरच्या टपरीवर मास्तरांचा निरोप केला. सगळे आले, बारिएन्तोसही आला, तोंड पाडून. भाषण करा म्हटल्यावर मास्तर उभे राहिले. खिशातून कागद नाही, काही नाही. ज्या ज्या विमानाला त्यांनी ठिगळ लावलं होतं, ती आठवतील तशी बोलून दाखवायला लागले. कुठल्या कंपनीचं, कुठल्या बाजूला, दाराखाली की पंखाजवळ.

"ही सगळी उघडून बघा," ते म्हणाले. "बाकी कुठे मी झाकलेलं मला आठवत नाही. पण माझ्या आठवणीवर माणसं उडवू नका. पोरीला पाठवा."

एवढं बोलून ते खाली बसले. सियोमाराने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि कपाळाला लावले.

शेजारी इंजिन विभागातला एक नवा मेकॅनिक होता. त्याने मला कोपराने ढोसलं. "ती कोण हो? मास्तरांना पकडणारी तीच ना?"

"माझी पोरगी!" मी ओरडले, रडतच. "आणि ते माझे कोम्पाद्रे! दोघांपैकी एकाबद्दल जरी वाकडं बोललास ना, तर शिवून टाकीन तोंड!"