जयसिंगची साक्ष

कलेक्टरसाहेब, माझ्या दाजींना तुम्ही मारलंत. हात लावला नाहीत, एवढं खरं. त्यांचं इन्सुलिन जेलच्या गेटवर अडवलंत आणि वाट बघत बसलात. ‘नैसर्गिक मृत्यू’ हे शब्द तुमच्या फायलीत ठेवा, माझ्यासमोर वाचू नका.

डॉ. उल्हास शिर्के, माझ्या विनीताताईचे यजमान. साताऱ्याहून लखनौला आले ते सरकारी इस्पितळात लहान मुलांचे डॉक्टर म्हणून. खराब सलाइनने वॉर्डातली पोरं गेली तेव्हा सगळे गप्प बसले, हे कॅमेऱ्यासमोर बोलले. नोकरी गेली. मग मेलेल्या पोरांच्या बापांना घेऊन रस्त्यावर बसले, निवडणुकीला उभे राहून आपटले, तुरुंगात गेले आणि बायबल घेऊन बाहेर आले. इथल्या बँकेतल्या मराठी मंडळींनी गणपतीचं आमंत्रण बंद केलं. ताई म्हणाली, “आता हे काय नवीन खूळ?”

दाजी म्हणाले, “जुनंच आहे. आधी बापांशी बोलत होतो, आता आयांशीही बोलतो.”

लखनौजवळ मलिहाबादला एका आंब्याच्या बागेत पत्र्याच्या शेडखाली ते रविवारी उपदेश करायचे. नंतर तिथेच पेशंट तपासायचे, औषध फुकट. पण बाप्तिस्मा फुकट नव्हता. दाजी ज्या पंथात गेले त्या बॅप्टिस्टांत मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वासाची साक्ष द्यायची, ती मंडळीला पटली तरच त्याला आख्खा पाण्यात बुडवायचा. दाजी त्यातही कडक.

बागेचा राखणदार जयसिंग. त्याच्या मुलीचा न्यूमोनिया दाजींनी बरा केला. तो साक्षीला उभा राहिला. “डॉक्टर साब, मुझे भी डुबो दो.”

“क्यों?”

“आपने बिटिया बचाई.”

“बिटिया दवा से बची है, भाई. घर जाओ.”

लोक हसले. तो पुन्हा आला, पुन्हा हाकलला. मी म्हटलं, “दाजी, बुडवून टाका ना एकदाचा. माणूस दुखावतोय.”

“दुखावू दे. उपकार फेडायला आलेल्याला मी पाण्यात घालणार नाही.”

हा हट्ट तुमच्या कामी आला. दुखावलेला जयसिंग तुमच्या माणसांनी बरोबर हेरला. त्याच्या नावाने तक्रार झाली: औषधाचं आमिष दाखवून डॉक्टरने जबरदस्तीने डोक्यावर पाणी शिंपडलं, धर्म बदलला. दाजींना उचललं. ठाण्यात दरोग्याने, म्हणजे इथल्या फौजदाराने, ती वाचून दाखवली तेव्हा मी तिथेच होतो. दाजींना हसू आवरेना.

“जयसिंग, झूठ बोलना था तो पूछ लेते यार. हम छिड़कते नहीं, डुबोते हैं.”

दरोगा खूश झाला. “अच्छा? डुबोते हैं?” त्याने ‘शिंपडलं’ खोडलं, ‘बुडवलं’ लिहिलं, आणि जयसिंगचा अंगठा पुन्हा घेतला. खोट्यातली एकच चूक होती, ती दाजींनी स्वतः दुरुस्त करून दिली.

दाजी तरुणपणापासून इन्सुलिनवर. ते टोचल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. ताई बर्फाच्या थर्मासमध्ये बाटली घेऊन रोज जेलच्या गेटवर उभी राहायची. गेटवरचा म्हणायचा, “ऊपर से हुकुम नहीं है, माताजी. ईसा मसीह से मँगवा लो.” बाकीचे हसायचे. ताई उन्हात तिथेच थांबायची, बर्फाचं पाणी होईपर्यंत.

आतलं मला विश्वजितने सांगितलं. तो त्याच बराकीत होता, आता जामिनावर सुटलाय. दाजी पहारेकऱ्याला शांतपणे समजावत होते, जसे वॉर्डात शिकाऊ डॉक्टरांना समजवायचे. आधी तहान लागेल. मग उलट्या होतील. मग श्वासाला पिकलेल्या फळाचा वास येईल, तेव्हा तरी मला इस्पितळात न्या, नाहीतर मी मरेन. पहारेकरी म्हणाला, “कौन सा फल, डॉक्टर? दशहरी आम?”

वास आला. पहारेकऱ्याने नाक जवळ नेऊन हुंगला, दुसऱ्याला बोलावून हुंगायला लावला. गाडी कुणी मागवली नाही. दाजी फरशीवर धापा टाकत गेले.

आता तुम्ही म्हणता चौकशी चालू आहे. गेटवरचा म्हणतो, वरून हुकूम नव्हता. वर म्हणजे कोण? तुम्ही, की तुमच्याही वरचं कुणी? बाहेर बाकावर ताई बसली आहे, तिला माझ्याकडून ऐकायचं नाही. दार उघडा आणि तिच्या तोंडावर सांगा: ती बाटली आत जाऊ नये असं कोण म्हणालं?