तपेल्याचा मान

"अहो, घोंगडी काढून ठेवलीत ती?" अंबिकाबाईंनी माजघराच्या दारातून विचारले.

तात्यांनी बांधलेली वळकटी पुन्हा सोडली होती. सकाळपासून बांधायची आणि सोडायची, हाच उद्योग चालला होता.

"नाही लागत. गडावर एवढी कसली थंडी?"

"पौषात?" बाई म्हणाल्या आणि आणखी काही न बोलता आत गेल्या. त्यांचे हे न बोलणे तात्यांना फार लागे.

म्हसळ्याच्या कचेरीत कारकुनी करणारे तात्या दरवर्षी पौषात चार सवंगडी जमवून पायी रायगडला जात. नियम त्यांनीच घालून दिलेले. आदल्या दिवशी गुजराती दुकानदार रतनशेठच्या काट्यावर प्रत्येकाची वळकटी चढायची. ज्याची जड निघेल त्याने सगळ्यांदेखत काहीतरी काढायचे. वाटेत कुणी कुणाचे ओझे उचलायचे नाही. फक्त सगळ्यांचा भात शिजवायचे तांब्याचे तपेले काट्याबाहेर. ते तात्यांच्या पाठीवर, आणि तपेलेवाला सर्वांच्या पुढे. हा मान आजवर दुसऱ्या कुणी मागितला नव्हता, कारण मानाबरोबर तपेलेही आले असते.

मागल्या आठवड्यात कचेरीच्या पायऱ्या चढताना तात्यांची छाती दाटून आली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले, चढ बंद, ओझे बंद. तात्यांनी हे घरी सांगितलेच नाही. एकदा माणूस मागे राहिला की लोक त्याची चौकशी करतात, बरोबर नेत नाहीत. छातीपेक्षा त्यांना याचीच धास्ती वाटत होती. म्हणून तपेल्यासाठी ते स्वतःचे ओझे कापत सुटले होते. जादा धोतर गेले, तांब्या गेला, पानाचा डबा गेला. शेवटी घोंगडी.

संध्याकाळी दुकानात मंडळी जमली. शाळेतल्या चांगदेव मास्तरांच्या वळकटीतून दाढीचा आरसा निघाला, तोही चौकटीसकट.

"मास्तर, गडावर तमारा लगन छे के?" रतनशेठ म्हणाले. दुकान हसले.

मग तात्यांची वळकटी चढली आणि पारडे टुणकन वर गेले.

"वा तात्या! कापूस भरला की काय?" मास्तरांनी विचारले.

पुन्हा हशा झाला. हसला नाही तो एकटा भिकू. कचेरीतला हा पट्टेवाला इतकी वर्षे तात्यांच्या मागोमाग चालत आलेला. त्याने वळकटी हाताने दाबून पाहिली.

"तात्या, यात घोंगडी न्हाय."

"नको वाटली."

"गेल्या साली दोन घेतल्यावत्या तुमी. यक मला पांघरलीत."

"भिकू, ओझं जास्त झालं तरी चूक आणि कमी झालं तरी चूक का रे?" तात्यांनी हसून घेतले, पण आवाज चढला होता.

भिकू त्यांच्याकडे पाहत राहिला. मागल्या आठवड्यात तात्या कचेरीच्या पायरीवर बसलेले त्याने पाहिले होते. वहाणेचा अंगठा तुटला असेल, असे तेव्हा वाटले होते.

"ह्या साली तपेलं नको न्यायला," तो मास्तरांकडे वळून म्हणाला. "भाकऱ्या घेऊ. बटाटं भाजू."

"इतके दिवस बटाटे?" मास्तर उसळले, मग भिकूचा चेहरा पाहून घाईने म्हणाले, "बटाटेच बरे. हलके होतो आपण."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फार लवकर डोलावल्या. तात्यांची कानशिले तापली. वळकटी काखोटीला मारून ते घरी आले आणि तपेल्यापुढे बसून राहिले.

"डॉक्टरांची बायको भेटली होती देवळात," अंबिकाबाई हळूच म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

पहाटे मंडळी अंगणात आली. तात्या तपेले घेऊन बाहेर आले ते थेट भिकूपाशी.

"पाठ कर."

"न्हाय तात्या. आमी ठरवलंय न्हवं काल."

"माझ्यापायी माणसं थंड भाकऱ्या चावणार? पाठ कर म्हणतो ना!"

"आन् तुमी?"

"मी नाही येत. डॉक्टरांनी चढ बंद केलाय."

एवढेच सांगायचे होते. त्यासाठी आठवडाभर जीव टांगणीला लागला होता.

भिकू उंच, म्हणून तात्यांनी तपेल्याचा पट्टा सैल केला. मग आत जाऊन आपली घोंगडी आणली, घडी करून तपेल्याच्या आणि पाठीच्या मध्ये सारली. "नाहीतर कड बरगडीत रुतते. आणि पुढे चाल. तपेलं मागे राहत नाही."

भिकू पाया पडायला वाकला, पण तपेले मानेवर आले. तेव्हा त्याने नुसता तात्यांचा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

मंडळी वळणाआड गेली. तात्या घरात आले, तेव्हा खुंटीवरचा त्यांचा खाकी कोट अंबिकाबाईंच्या हातात होता. दरसाल गडावर जायचा तो कोट. पाठीवर तपेल्याच्या बुडाचा मोठा काळा गोल उमटला होता. तात्यांनी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. कोट नेहमी त्यांच्या अंगात. तो गोल दिसे मागून चालणाऱ्यांना.

"धुवायला घेऊ?"

"राहू दे," तात्या म्हणाले, आणि कोट त्यांनी पाठ बाहेर येईल असा खुंटीला लावला.