चौदावा प्रश्न

"मीटर बघायला येतो, तो धरायचा का?" टेलरमास्तरांनी विचारलं.

काकूंची पेन्सिल थांबली. चौदावा प्रश्न होता: गेल्या महिन्यात तुमच्याकडे बसायला-बोलायला किती जण आले? कामासाठी येणारे त्यात धरायचे नव्हते. तसं त्यांनी सांगितलं.

"मग शून्य लिहा," मास्तर म्हणाले. "आणि तुम्ही?"

"मीपण कामाचीच."

काकू हे नाव वर्गातल्या मुलांनी ठेवलेलं. नवरा गेला, मुलगी नोकरीसाठी लांब गेली, तेव्हा पन्नाशीला टेकता टेकता त्यांनी सामाजिक संशोधनाच्या एम.ए.ला नाव घातलं. आता या वयात कसली पाटी-पेन्सिल, असं शेजारीण म्हणाली. खरं तर घर खायला उठत होतं, पण प्रवेश-अर्जात तसं लिहिता येत नाही.

अभ्यासाला एक योजना दिली होती. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे आठवड्यातून एकदा कुणीतरी गप्पा मारायला जायचं. त्याने खरंच फरक पडतो का हे कळायचं, तर निम्म्यांकडे कुणालाच पाठवायचं नाही आणि दोन्ही गटांची तुलना करायची. कुणाकडे जायचं ते चिठ्ठ्यांवर ठरलं. चिठ्ठ्या काकूंनीच उचलल्या होत्या. मास्तरांची चिठ्ठी डब्यात राहिली.

त्यामुळे दीड वर्षात काकू तिथे चारदाच गेल्या, सहा-सहा महिन्यांनी, प्रश्नावली घेऊन. दुसऱ्या खेपेला समोरच्या खुर्चीचा मोडका पाय बसवलेला दिसला. तिसऱ्या खेपेला तिच्या गादीला नवी खोळ होती, जुन्या कोटाच्या कापडाची. सुईत दोरा ओवता येईना म्हणून दुकान बंद केलेल्या माणसाने ती कशी शिवली, कोण जाणे.

मध्ये एकदा भाजी घेऊन परतताना काकूंचे पाय आपोआप त्या गल्लीत वळले. मास्तर खिडकीत बसलेले दिसत होते. अधेमधे कुणी गेलं तर सगळा अभ्यास बिघडतो, असं सरांनी बजावलं होतं. काकू आल्या पावली परतल्या. त्याची त्यांना फार लाज वाटत राहिली.

चौथ्या खेपेलाही शून्यच. निकाल मात्र छान आला. ज्यांच्याकडे माणसं गेली त्यांचा एकटेपणा कमी झाला होता. फरक कसा उठून दिसतोय, म्हणत सरांनी पाठ थोपटली. तो उठून दिसावा म्हणून मास्तर दीड वर्ष एकटे बसले होते, हे काही काकूंच्या मनातून जाईना.

पुढच्याच आठवड्यात त्या मास्तरांकडे गेल्या, हात हलवत. दोघं समोरासमोर बसले. हातात कागद नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करायची तेच काकूंना कळेना.

"प्रश्न नाही आणलेत?" मास्तरांनी विचारलं.

"संपले. अभ्यासच संपला."

"मग आता मी विचारतो." मास्तर सावरून बसले. "गेल्या महिन्यात तुमच्याकडे बसायला-बोलायला किती जण आले? घाई नाही. सावकाश आठवून सांगा."

हे शेवटचं वाक्य काकूंचंच होतं, दर खेपेचं. त्यांनी सावकाश आठवून पाहिलं. मुलीचा फोन रविवारी येतो, पण फोन धरायचा नव्हता.

"मीटर बघायला येतो," त्या म्हणाल्या, "तो धरायचा का?"