चार बोटं जास्तीचं पाकीट

शेखरभाऊनं चिवड्याच्या कारखान्याच्या दारावर ‘कचरामुक्त कारखाना’ असा हिरवा फलक लावला, त्या दिवशी राबियाबीला हसू आवरलं नाही. फलक प्लॅस्टिकचा होता आणि तो ज्या कागदात गुंडाळून आला तोही प्लॅस्टिकचाच. वाऱ्यानं उडून तो कागद शेजारच्या कपाशीत जाऊन अडकला होता.

मलकापूरच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या या कारखान्यात ती चौदा वर्षं पॅकिंग सांभाळत होती. शेखरचे वडील रामराव होते तोवर चिवडा साध्या पाकिटात जायचा. त्यांच्या माघारी हा मुलगा पुण्याहून काहीबाही शिकून आला आणि त्यानं ‘पर्यावरणपूरक पॅक’ काढला. वर खोका, खोक्यावर कडुनिंबाचं पान छापलेलं, खोक्यात ट्रे, ट्रेत पाकीट आणि पाकिटात निम्मी हवा. अंगापेक्षा बोंगा मोठा.

राबियाबीनं एक दिवस खोक्यातलं पाकीट चार बोटं कापलं, हातमशीननं सील केलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. “शेखरभाऊ, तेवढाच चिवडा बसते यात. पुढच्या छपाईले पाकीट लहान करा, खोका बंद करा. फाटक्या खोक्या-ट्रेचा रोज पाच पोते कचरा निघून राह्यला.”

त्यानं पाकीट दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं. “राबियाबी, गिऱ्हाईक आकार पाहून घेते. तुमाले नाई समजायचं ते.” आणि पाकीट टोपलीत टाकलं.

समजलं तर तिला सगळंच होतं. लोकांना हवा विकायची, आणि वर झाडाचं पान दाखवायचं. असली अक्कल शिकायला पुण्यापर्यंत जावं लागतं, याचंच तिला नवल वाटलं.

महिन्याभरानं नागपूरहून कुठल्याशा उद्योजक मंडळाच्या अपेक्षा मॅडम पुरस्काराच्या पाहणीला येणार असं कळलं. सकाळीच मशीनवरचा देवानंद कचऱ्याची पोती ट्रॉलीत भरताना दिसला.

“हे कुठी नेऊन राह्यला बे?”

“मागच्या नाल्यात. मॅडम गेल्या का परत आनजो म्हने शेखरभाऊ.”

“नाला परत देते व्हय?”

देवानंदनं मान खाली घातली, पण पोती गेलीच.

मॅडम आल्या. शेखरच्या तोंडची वऱ्हाडी एकदम पळाली आणि तो ‘अगदीच’, ‘नक्कीच’ करत त्यांच्यामागं फिरू लागला. पॅकिंगच्या टेबलाशी मॅडमनी विचारलं, “ताई, तुमच्याकडे कचरा किती कमी झाला?”

‘निम्मा’ म्हणायचं, असं तिला पढवलं होतं. राबियाबीनं एक नवा पॅक उचलला. खोका फाडून डावीकडं ठेवला, त्यावर ट्रे, ट्रेवर रिकामं पाकीट. उजवीकडं ताटलीत चिवडा ओतला. ताटलीचा तळही झाकला नाही.

“हे खायाचं,” ती म्हणाली, “अन् हे फेकायचं. आता तुमीच मोजा मॅडम. अन् मोजून झालं का मागचा नालाही पाहून या.”

शेखरचं तोंड उतरलं. मॅडमनी दोन्हींकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. “कामगारांचा सहभाग चांगला आहे,” म्हणत त्यांनी कागदावर खूण केली. नाल्याकडं कुणीही गेलं नाही. पंधरा दिवसांनी पुरस्कार मिळाला.

राबियाबीला राग आला नाही. उलट या माणसांची आपण इतके दिवस थोडीफार भीती बाळगली, याची लाज वाटली.

शेखरनं तिला पॅकिंगवरून काढून शेंगदाणे निवडायला बसवलं. ती बसली. पण डोणगाव, अमडापूरच्या दुकानदारांना पुरस्कार कळत नव्हता. त्यांच्याकडं पाकिटं दोरीला लटकतात. खोके ठेवायला फळीवर जागा कुठली? आणि घेतलेल्यांनी खोका उघडून शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. माल गाडी भरभरून परत येऊ लागला, आणि परत आलेला प्रत्येक खोका कचऱ्यातच गेला.

शेवटी शेखर शेंगदाण्याच्या ढिगाशी येऊन उभा राहिला. “राबियाबी, ते पाकीट... किती बोटं म्हने तुमी?”

“चार. पन आधी नाल्यातले पोते काढा. त्याच्याबिगर मी मशीनले हात लावत नाई.”

त्याला दुसरा इलाज नव्हता. दोन दिवस ट्रॉली नाल्याकडं फेऱ्या मारत होती. नवी छपाई आली, राबियाबीनं देवानंदला जवळ उभं करून मशीन लावून घेतली. आखूड, भरलेली पाकिटं पडू लागली. खोका गेला, ट्रे गेला, पाच पोत्यांचं दीड पोतं झालं.

पुढं मलकापुरातल्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत शेखरनं सांगितलं, की ही कल्पना एका पहाटे आपल्या डोक्यात आली. पॅकिंगमधल्या बायका भडकल्या. सगळ्यांत जास्त छाया. “तू काऊन गप हाये वं राबिया? जाऊन सांग ना, कल्पना माही हाये म्हनून!”

राबियाबीनं पाकिटांची लडी दोरीला बांधली.

“राहू दे त्याच्याच डोक्यात,” ती म्हणाली. “एकटीच हाये बिचारी तिथं.”