सरळ चेंडूंचा मान

सेनोओ कात्सुनोरी आमच्या ओकायामा पेलिकन्सकडून एकवीस वर्षं खेळला आणि एवढ्या वर्षांत एकाही बाबतीत पहिला आला नाही. सगळ्यात जास्त होमरन नाहीत, बक्षिसं नाहीत, गालावरच्या खळीबद्दल कुणी पत्रं लिहिली नाहीत. त्याच्याकडे एकच गोष्ट होती. तो तीनशेचा माणूस होता.

बेसबॉलमध्ये बॅटरची किंमत हजारात सांगतात. हजार वेळा उभं राहून तीनशे वेळा नीट मारलं आणि पहिला बेस गाठला, तर तो तीनशेचा. उरलेल्या सातशे वेळा तो मान खाली घालून परत येतो, तरी लोक त्याला थोर म्हणतात. ही सवलत दुसऱ्या कुठल्या धंद्यात नाही. दंतवैद्याला तर मुळीच नाही. पण हे थोरपण कारकिर्दीच्या यादीत चढायचं तर आधी चार हजार वेळा उभं राहावं लागतं. इतका काळ टिकून ज्यांचा आकडा तीनशेच्या खाली गेला नाही, असे सगळे बॅटर आजवरच्या इतिहासातून गोळा केले, तर एका बसमध्ये बसतील आणि मागची सीट सामानाला मोकळी राहील.

मी क्लबचा नोंदी ठेवणारा. सेनोओ आणि मी एकाच वर्षी क्लबात लागलो, तो बॅट घेऊन आणि मी संख्याशास्त्राची पदवी घेऊन, म्हणून आमच्यात अरे-तुरे चालतं. अकरा जुलैला, सामना संपल्यावर कँटीनमध्ये उदोन खाताना, मी त्याच्यापुढे कागद सरकवला.

"चार हजार सहा खेपा. बाराशे हिट."

"म्हणजे किती?"

"तीनशे."

तो नूडल तोंडात अर्धवट ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "तुझा चेहरा तीनशेसारखा दिसत नाहीये, मियाके."

"दोनशे नव्व्याण्णव पूर्णांक पंचावन्न. पण यादीत तीनच अंक छापतात, म्हणून तीनशे."

"आणि पुढची खेप वाया गेली तर?"

"दोनशे नव्व्याण्णव. मग छापखानाही वाचवू शकत नाही."

त्याने वाटी उचलून सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं आणि म्हणाला, "माझी पाठ दुखते आहे."

पाठ खरंच दुखत होती. एक्केचाळिसाव्या वर्षी कुणाची दुखत नाही? पण त्या दिवसापासून ती फार वक्तशीर दुखू लागली. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. आकड्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला मोसमाच्या शेवटी बाकावर बसवतात आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मॅनेजर हाबुकी रोज सामन्याआधी विचारायचे, "पाठ कशी आहे?" सेनोओ म्हणायचा, "तशीच." हाबुकी मान डोलवायचे आणि फळीवर दुसऱ्याचं नाव लिहायचे. अडीच महिने हा संवाद एका अक्षराचा फरक न होता चालला.

सप्टेंबरमध्ये सेनोओने निवृत्ती जाहीर केली. त्याचा बेत सोपा होता: काळा सूट, पत्रकारांसमोर दहा मिनिटं, एकदा डोळे पुसणं, आणि यादीत कायमचं तीनशे. दुसऱ्या दिवशी क्लबने जाहीर केलं की सत्तावीस तारखेला नीगाता क्रेन्सविरुद्धचा सामना हा सेनोओचा निरोपाचा सामना असेल. चाळीस मिनिटांत बत्तीस हजार तिकिटं संपली.

निरोपाच्या सामन्याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, त्यामुळे ते मोडता येत नाहीत. निवृत्त होणारा बॅटर एकदा उभा राहतो. समोरचा पिचर त्याचा मान म्हणून त्याला फक्त सरळ चेंडू टाकतो. वळणारा नाही, खाली पडणारा नाही, जितक्या जोरात येईल तितक्या जोरात आणि मधोमध. कपट नाही, असा त्याचा अर्थ. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं.

सेनोओच्या डोळ्यांत आधीच आलं. कारण माझ्या वहीत आणखी एक आकडा होता, तो फक्त आम्हा दोघांना ठाऊक होता. गेली सहा वर्षं सेनोओ जगत होता तो कपटावर. वळणारा चेंडू हळू येतो, आणि तो वळणार कुठे हे एकवीस वर्षांत त्याला पाठ झालं होतं. ताशी दीडशे किलोमीटरचा सरळ चेंडू मात्र आता त्याच्या बॅटच्या आधी पोहोचायचा. त्या मोसमात असे चेंडू त्याने एकतीस खेपांत खेळले होते. हिट दोन, त्यातली एक डोळे मिटून.

तो हाबुकींकडे गेला. मीही गेलो, पाठीला आधार म्हणून.

"मॅनेजर, मी नुसता क्षेत्ररक्षणाला उतरतो. टोपी काढून हात हलवतो."

"तू बॅटिंगला आलास की डोक्यावर धरायला लोकांनी तुझ्या नावाचे टॉवेल घेतलेत," हाबुकी म्हणाले. "टॉवेल काय हात हलवताना बघायला घेतात?"

"मग पुढे एक गडी बेसवर असताना मला पाठवा. मी त्याला सरकवायला बंट करतो, बॅट नुसती आडवी धरून चेंडू पुढ्यात टाकतो. स्वतः बाद होतो. संघासाठी." त्यागाचा बंट हिशेबात धरत नाहीत, हे त्याने सांगितलं नाही. हाबुकींनाही ते सांगायची गरज नव्हती.

"निरोपाच्या सामन्यात बंट?" हाबुकींनी चष्मा काढला. "सेनोओ, या गावात मला अजून घर घ्यायचंय."

"पाठ..."

"पाठ तशीच आहे, माहीत आहे मला. अडीच महिने मी ती सांभाळली. आता एक दिवस तू सांभाळ."

घरी बायकोने, मिचिएने, याहून थोडक्यात आटोपलं. "माझी आई टॉवेल घेऊन येतेय. खांद्यामुळे तिला हात वर करता येत नाहीत, तरी येतेय. तू पाठीचं नाव काढून बघ."

नाही म्हणणं शक्यच नव्हतं. नाही म्हणणं म्हणजे बत्तीस हजार माणसांना सांगणं, की तुमच्यापेक्षा मला एक अपूर्णांक प्रिय आहे. तो प्रिय होताच, पण तसं सांगायची पद्धत नाही.

शेवटचा मार्ग म्हणून, सामन्याच्या दुपारी, नीगाताचा सराव चालू असताना तो मैदानाच्या कडेने चालत त्यांच्या पिचरकडे गेला. निवाता नावाचा, चोवीस वर्षांचा, भिंतीसारखा माणूस. सेनोओला बघताच त्याने टोपी काढून कमरेत वाकून नमस्कार केला आणि वाकलेलाच राहिला.

"उभा राहा रे. एक सांगायचं होतं. आज तू नेहमीसारखाच टाक. तुझा तो खाली पडणारा चेंडू मस्त आहे. तो टाकलास तरी मला राग नाही येणार."

"नाही सेनोओ-सान, तुमचा मोठेपणा आहे."

"मोठेपणा नाही. मला तो आवडतो."

"कालपासून मी पाण्याशिवाय काही प्यायलेलो नाही," निवाता म्हणाला. "आज आयुष्यातले सगळ्यात वेगवान चेंडू टाकायचे ठरवलेत. फक्त तुमच्यासाठी."

"एखादा बाहेर गेला तरी चालेल. चार गेले तरी चालतील." चार चेंडू बाहेर गेले की पहिला बेस फुकट मिळतो, आणि ती खेपही धरत नाहीत.

"एकही जाणार नाही. शब्द देतो."

सेनोओ परत आला आणि माझ्या शेजारी बसला. "किती सज्जन आहे," तो म्हणाला. हा शब्द इतक्या कडवटपणे उच्चारलेला मी आयुष्यात ऐकला नाही.

नीगाताच्या सेकंड बेसवर तोमोचिका होता. सेनोओच्याच शाळेचा, त्याच्या मागच्या बॅचचा. सेनोओने त्याला शाळेत बॅट कशी धरायची ते शिकवलं होतं. तोही भेटायला आला. त्याने काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "सेन्पाई, माझ्याकडे मारा. पुढचं मी बघतो." शाळेतला थोरला तो जन्मभर थोरला, आणि थोरल्यासाठी धाकट्याने काय करायचं हे त्याला विचारायचं नसतं. सेनोओने विचारलं नाही. आकड्याबद्दलही बोलला नाही. धाकट्यापुढे आपली अडचण मांडायची नसते, हीसुद्धा पद्धतच.

पहिल्या डावात, दुसऱ्या क्रमांकावर, तो उभा राहिला. बत्तीस हजार टॉवेल ताणले गेले. त्याच्या आधीचा गडी बाद झाला होता, त्यामुळे बेस रिकामे होते आणि बंटचा प्रश्न मिटला होता. क्लबने त्या दिवसासाठी मोठ्या फलकावर त्याची सगळी कारकीर्द लावली होती: खेपा, हिट, आणि त्याखाली माणसाच्या उंचीचं तीनशे. तो आकडा खेपेगणिक बदलायचं काम माझ्याकडे होतं.

पहिला चेंडू एकशे चौपन्न. मधोमध. सेनोओ हलला नाही. तो बाहेर जाईल अशी त्याला अजून आशा होती. स्ट्राइक; असे तीन झाले की बॅटर बाद. दुसरा एकशे छप्पन्न, केसभरही इकडेतिकडे नाही. निवाता रडत होता, पण हात अजिबात थरथरत नव्हता.

तिसऱ्याला सेनोओने बॅट फिरवली. बॅटच्या दांडीजवळ लागून चेंडू जमिनीवरून रडतखडत सेकंड बेसकडे निघाला. एखाद्या शाळकरी मुलानेही उचलून सावकाश पहिल्या बेसकडे फेकला असता आणि त्याला बाद केलं असतं, असा.

तोमोचिकाने तो खाली वाकून पकडला आणि पाडला. इथे थांबला असता तर कदाचित चेंडू विचित्र उसळला असं म्हणता आलं असतं. पण सेनोओची पाठ खरंच दुखत होती. तो अजून निम्म्या वाटेवर होता. तोमोचिकाने चेंडू उचलला, पुन्हा पाडला. वर पाहिलं, सेनोओ अजून चार पावलं दूर. तिसऱ्यांदा उचलून त्याने तो बुटाने थोडा पुढे ढकलला, मग त्याच्यामागे गेला. सेनोओ पहिल्या बेसवर पोहोचला. स्टेडियम कोसळतं की काय असं वाटलं.

आमच्या फलकावर दोन छोटे दिवे असतात. हिट असेल तर एक लागतो, क्षेत्ररक्षकाची चूक असेल तर दुसरा. चुकीने बेस मिळाला तर ती खेप धरतात, हिट मात्र मिळत नाही. गुणलेखक कानेशिगे माझ्या शेजारच्या काचेमागे बसतात. त्यांनी चार सेकंद विचार केला. तेहतीस वर्षांत त्यांनी दोन सेकंदांपेक्षा जास्त घेतल्याचं मला आठवत नाही.

"मी एका चुकीकडे कानाडोळा केला असता," ते म्हणाले. "त्याने तीन केल्या."

दुसरा दिवा लागला. मी आकडा बदलला. बोट एका कळीवरून उचलून दुसरीवर ठेवायला इतका वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं. बत्तीस हजार लोकांपैकी फलकाकडे कुणी बघत नव्हतं. सेनोओ बघत होता.

अजून एक वाट होती, आणि ती त्याला माझ्याआधी दिसली. तो बेसवर राहिला, सामन्यात राहिला, तर डाव फिरून पुन्हा त्याच्यावर येणार होता. एक हिट, आणि आकडा पुन्हा वर. त्यासाठी फक्त मैदानात टिकून राहायचं होतं. पण हाबुकी बाहेर येत होते, हातात फुलं घेऊन, आणि त्यांच्यामागे बदली धावपटू, तोही रडत.

पुढचं मला सेनोओनेच सांगितलं. तो म्हणाला, "मॅनेजर, मला राहू द्या. अजून एकदा."

हाबुकींनी त्याला मिठी मारली. "कळतं रे. आम्हा सगळ्यांनाच अजून एकदा हवं असतं."

"तसं नाही. खरंच."

"कळतं," हाबुकी म्हणाले आणि पंचांना खूण केली. ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं गेलं. एकदा नाव पुकारलं की माणूस त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, आणि सेनोओला दुसरा सामना नव्हता.

मी खाली धावलो. तोवर दोन्ही संघांनी त्याला उचललं होतं आणि वर फेकायला सुरुवात केली होती. त्याची जर्सी आठ नंबरची, म्हणून आठ वेळा. प्रत्येक वेळी तो डोक्यांच्या वर गेला की समोर फलक, माणसाच्या उंचीचं दोनशे नव्व्याण्णव, आणि प्रत्येक वेळी तो खाली आला की कुणीतरी त्याला अलगद झेलत होतं.

आठव्यानंतर त्याला जमिनीवर ठेवलं. तोमोचिका गर्दीतून आला. चेहरा धुळीने आणि अश्रूंनी माखलेला. तो वाकला.

"सेन्पाई. जमलं ना?"

सेनोओने फुलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "जमलं," तो म्हणाला. "छान पाडलास."

"तिसरा जरा जास्त झाला का?"

"नाही रे. मी हळू धावलो."

तोमोचिका हसला आणि फलकाकडे वळायला लागला. सेनोओने त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला जागेवरच घट्ट धरलं. छायाचित्रकार पळत आला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "सुंदर. दोघं असेच राहा. फक्त थोडे डावीकडे सरका, म्हणजे मागचा आकडा पूर्ण येईल."

ते सरकले.